जड माल जास्त वाहतो का? ताज्या काँक्रीटची घनता आणि त्याची चाल

ट्रान्झिट मिक्सरच्या, म्हणजे काँक्रीट आणणाऱ्या गाडीच्या चुटीवरून (उतरत्या पन्हळीवरून) माल नीट उतरेना की साइटवर पहिला आरोप वजनावर येतो. काळ्या दगडाची खडी, जड माल, मग तो सरकणार कसा? खरं तर गणित उलटं आहे. चुटीवर, कॉलमच्या साच्यात किंवा पाइलच्या (जमिनीत खोल भरलेल्या पायाच्या खांबाच्या) पाइपात काँक्रीटला खाली खेचणारी गोष्ट एकच असते, त्याचं स्वतःचं वजन. बाकी सगळं तिथे अडवायलाच बसलेलं असतं. पण म्हणून जड काँक्रीट हमखास जास्त वाहतं असंही नाही. घनता ज्या कारणाने बदलते, तेच कारण बहुतेक वेळा अडवणारी ताकदही बदलून टाकतं. घनतेचा नुसता आकडा हातात घेऊन प्रवाहीपणाचा निकाल देणारे फसतात ते इथेच.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. साध्या काँक्रीटची घनता घनमीटरला २४०० किलोच्या आसपास धरतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात डिझाइनसाठी साध्या काँक्रीटचं वजन घनमीटरला २४ किलोन्यूटन आणि सळईसकट २५ किलोन्यूटन धरलंय. भाजलेल्या फ्लाय ॲशच्या (कोळशाच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या) गोळ्यांची खडी वापरून केलेलं हलकं काँक्रीट १८०० किलोपर्यंत खाली येतं. बराइट किंवा हेमेटाइट या जड खनिजांची खडी घातली की तेच ३५०० किलोच्या पुढे जातं. किरणोत्सर्ग अडवायला लागतं ते हे काँक्रीट. कर्करोगावरच्या किरणोपचाराच्या खोलीत भिंतीची जाडी वाचवायची असेल तर तिथेही त्याचा विचार होतो, आणि मुंबईत जागेचा भाव पाहता तो विचार महाग पडत नाही.

धर आणि चिकटपणा

ताजं काँक्रीट पाण्यासारखं वाहत नाही. श्रीखंडाची वाटी तिरकी केली तरी श्रीखंड जागचं हलत नाही. मधाची वाटी तिरकी केली तर मध हळूहळू का होईना, पण वाहतोच. काँक्रीटमध्ये दोन्ही स्वभाव आहेत. ठरावीक जोर बसेपर्यंत ते हलतच नाही. इंजिनिअर याला यील्ड स्ट्रेस म्हणतात, आपण या लेखापुरतं 'धर' म्हणू. एकदा हललं की किती वेगाने वाहील हे त्याच्या चिकटपणावर ठरतं. धर पास्कलमध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर साधारण १०० किलोचं वजन ठेवल्यावर जेवढा दाब पडतो, तो झाला १००० पास्कल. आपोआप पसरणाऱ्या काँक्रीटचा धर काही दहा पास्कल असतो, तर हाताने खेचावं लागणाऱ्या घट्ट मालाचा हजार-दोन हजार.

आता स्लम्पचा शंकू बघा. साच्यातून सोडवलेला माल किती खाली बसतो, तो त्याचा स्लम्प. उंची ३०० मिमी, खालचा व्यास २०० मिमी, वरचा १०० मिमी. त्यात साडेपाच लिटर माल मावतो, म्हणजे जवळपास साडेतेरा किलो. तीन थरांत भरून प्रत्येक थराला १६ मिमी सळईचे २५ ठोके द्यायचे, वरून सपाट करायचं आणि शंकू सरळ वर उचलायचा. उचलताक्षणी तळाच्या थरावर वरच्या सगळ्या मालाचं वजन येतं. हा दाब धरापेक्षा जास्त असतो, म्हणून माल बसायला लागतो. बसताना त्याची उंची कमी होते, पसारा वाढतो आणि दाब उतरत जातो. दाबामुळे मालाला पसरवणारा जोर आणि धर यांची बरोबरी झाली की माल थांबतो. म्हणजे स्लम्पचा आकडा धर दाखवत नाही. धर भागिले घनता, हे गुणोत्तर दाखवतो.

स्लम्प ५ ते २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात असेल तर एक सोपं सूत्र बऱ्यापैकी जुळतं: सेंटिमीटरमधला स्लम्प = २५.५ वजा १७.६ गुणिले धर भागिले घनता. यात धर पास्कलमध्ये आणि घनता घनमीटरला किलोत घ्यायची. समजा तीन मालांचा धर अगदी सारखा, १२०० पास्कल आहे. १८०० किलोच्या हलक्या मालाचा स्लम्प १३८ मिमी येतो, २४७५ किलोच्या नेहमीच्या मालाचा १७० आणि ३६०० किलोच्या जड मालाचा १९६ मिमी. आतला माल तितकाच घट्ट असताना शंकूजवळचा फरक मात्र सहा सेंटिमीटरचा.

हेच उलटं करून पाहिलं तर साइटवरचा खरा घोटाळा दिसतो. तिन्ही मालांचा स्लम्प बरोब्बर १५० मिमी हवा असं पत्रकात लिहिलं आणि तो आलाही, तर हलक्या मालाचा धर निघतो १०७५ पास्कलच्या आसपास, नेहमीच्या मालाचा १४८० आणि जड मालाचा २१५०. जड माल दिसायला तितकाच ढिला, पण फावड्याला आणि व्हायब्रेटरच्या निडलला (माल हलवून बसवणाऱ्या कंपन-नळीला) नेहमीच्या मालाच्या जवळपास दीडपट कडक. हलक्या काँक्रीटचं याच्या उलट. त्याचा ५० ते ७५ मिमी स्लम्प हाताळायला नेहमीच्या मालाच्या १०० ते १२५ मिमी इतकाच सोपा असतो, हे जुन्या जाणकारांना ठाऊक असतं. ठाऊक नसलेला सुपरवायझर तोच १२० मिमी स्लम्प मागतो. मग प्लांटवाला पाणी किंवा माल ढिला करणारं केमिकल वाढवतो आणि हलकी खडी वर तरंगायला लागते.

मुंबईची काळी खडी

मुंबईच्या आसपास ठाणे-पनवेल-भिवंडी पट्ट्यातून येणारी खडी दख्खनच्या बेसाल्टची असते. पाण्याच्या तुलनेत तिचं वजन २.८ ते २.९ पट. ग्रॅनाइटची खडी २.६५ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण एक घनमीटर मालाचा हिशेब मांडून बघा.

सिमेंट ३२० किलो, फ्लाय ॲश ८०, पाणी १६५ लिटर, केमिकल ४ किलो आणि आत अडकलेली हवा दीड टक्का. या सगळ्यांनी मिळून सुमारे ३२२ लिटर जागा घेतली. उरलेल्या ६७८ लिटरमध्ये ६० टक्के खडी आणि ४० टक्के क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. बेसाल्टची खडी २.८५ आणि क्रश सँड २.७५ धरली तर खडी भरते ११६० किलो, वाळू ७४६ आणि घनता २४७५. तेवढीच जागा ग्रॅनाइटने आणि २.६२ च्या नदीच्या वाळूने भरली तर घनता २३६० च्या आसपास येते. घनमीटरमागे ११५ किलोंचा फरक पडला, पण सिमेंटचा लगदा तेवढाच आणि दगडांमधली मोकळी जागाही तेवढीच. दगडाचा आकार सारखा असेल तर वाहण्यातला फरक नगण्य. क्रशरची खडी चपटी आणि टोकदार निघाली, तर मात्र या ११५ किलोंनी दिलेला फायदा ती सहज खाऊन टाकते. दगडाच्या वजनापेक्षा त्याच्या आकाराची तक्रार करणं जास्त कामाचं आहे.

खरी गडबड होते ती दुसऱ्या गावचं मिक्स किलोंसकट उचलून आणल्यावर. ग्रॅनाइटसाठी लिहिलेलं १०७९ किलो खडी आणि ७११ किलो वाळूचं प्रमाण इथल्या दगडाने भरलं, तर दगड कमी जागा व्यापतो. एक घनमीटर म्हणून निघालेला माल प्रत्यक्षात ०.९६ घनमीटर भरतो. सहा घनमीटरच्या गाडीत पाव घनमीटरची तूट. माल मात्र छान वाहतो, कारण दगड कमी आणि लगदा जास्त झालेला असतो. त्यामुळे साइटवर कुणी कुरकुर करत नाही. स्लॅबच्या शेवटच्या कोपऱ्याला माल कमी पडतो तेव्हा मोजणी सुरू होते, आणि तोवर गाडी गेलेली असते. मिक्स डिझाइन आकारमानाने करायचं आणि मगच किलोत उतरवायचं, हे मिक्स डिझाइनच्या आयएस १०२६२ या मानकात आहेच. स्थानिक दगडाची चाचणी न करता ते उतरवण्यात अर्थ नाही.

पाणी, हवा आणि पावसाळा

घनता कमी भरली म्हणजे पाणी जास्त, हा साइटवरचा लाडका निष्कर्ष. तपासून बघू. वरच्या मिक्समध्ये कुणी घनमीटरला २० लिटर पाणी जादा घातलं, तर घनता २४७५ वरून २४४६ वर येते. जेमतेम सव्वा टक्का. स्लम्पवर मात्र मोठा परिणाम दिसतो. घनमीटरमागे पाचेक लिटर पाणी वाढलं की स्लम्प साधारण २५ मिमी वाढतो, तेव्हा २० लिटरने १०० मिमीच्या आसपास उसळी येईल. पाणी हलकं असतं म्हणून घनता थोडी उतरते आणि तेच पाणी धर पाडतं. वजनाचा जोर किंचित कमी झाला, पण अडथळा कितीतरी जास्त कमी झाला. माल हलका होऊनही वाहायला लागला तो यामुळे.

हवेचंही असंच. एक टक्का हवा वाढली की घनता साधारण २५ किलोंनी उतरते. मुद्दाम तयार केलेले बारीक बुडबुडे कणांच्या मधे बसून माल मऊ करतात, स्लम्प वाढवतात. पण काँक्रीटची ताकद दर टक्क्याला पाचेक टक्के कमी होते. म्हणजे घनता २५ किलोंनी घसरली, यामागे घनमीटरला १७-१८ लिटर पाणी असू शकतं किंवा एक टक्का हवा. वजनकाट्याला दोन्ही सारखेच. वेगळं ओळखायचं तर सोबत हवा मोजण्याचं यंत्र लावावं लागतं, नाहीतर बॅच शीटवरचं (प्लांटच्या मापाच्या नोंदीतलं) पाणी आणि केमिकलचा डोस तपासावा लागतो. केमिकलचा डोस चुकून जास्त पडला की मिक्सरमध्ये फेस होतो, घनता बरीच उतरते, आणि पाणी वाढवल्याचा आळ विनाकारण ड्रायव्हरवर येतो.

मुंबईच्या पावसात घनता उतरणं आणि स्लम्प वाढणं एकदमच घडतं. उघड्यावरच्या क्रश सँडमध्ये ६ टक्के पाणी मुरलेलं आहे आणि प्लांटवर ते धरलंच नाही, असं समजा. ७४६ किलो वाळू म्हणून मोजलेल्या ढिगात वाळू निघते ७०४ किलो आणि पाणी ४२ लिटर. मालाचं एकूण वजन तेच राहतं, पण आकारमान २.७ टक्के फुगतं आणि घनता २४११ वर येते. स्लम्प मात्र मोजण्यापलीकडे जातो, शंकू उचलला की माल ताटासारखा पसरतो. तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळूचा ओलावा सकाळी एकदा बघून भागत नाही. सरीनंतर ढिगाचा वरचा भाग आणि तळ यांचा ओलावा वेगळा असतो, आणि लोडर तळातून उचलतो की वरून, यावर पुढच्या गाडीचा स्लम्प ठरतो.

एक गोष्ट घनतेतून अजिबात दिसत नाही, ती म्हणजे ट्रॅफिक. इस्टर्न एक्स्प्रेसवर दीड तास अडकलेल्या गाडीतल्या मालाचा धर वाढत जातो, कारण सिमेंट आणि केमिकलचं काम आत चालूच असतं. घनता जवळपास तीच राहते. वजन बरोबर भरलं म्हणून माल ताजा आहे असं म्हणता येत नाही. तिथे घड्याळ आणि शंकूच कामाचे.

मोजायचं कसं

दहा लिटरचं मजबूत धातूचं भांडं, १० ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा आणि वर फिरवायला सपाट प्लेट, एवढं पुरतं. भांड्याचं आकारमान छापील आकड्यावर सोडू नका. काठोकाठ पाणी भरून, वर काच सरकवून, पाण्याच्या वजनावरून ते एकदा काढून घ्या. गाडीतला सुरुवातीचा आणि शेवटचा माल सोडून मधला माल घ्यायचा, तीन थरांत भरायचा, ठोकायचा आणि भांड्याच्या बाहेरून रबरी हातोडीने टकटक करून मोठे बुडबुडे सोडवायचे. मग प्लेटने काठ सपाट करून बाहेरचा चिखल पुसायचा आणि वजन करायचं. निव्वळ वजन २४.६ किलो आलं की घनता २४६०.

चूक होते ती काठावर. २५० मिमी व्यासाच्या भांड्यात माल दोन मिलिमीटर उंच राहिला तरी जवळपास एक टक्का, म्हणजे २५ किलोंची थाप बसते. एवढ्या चुकीत वरची १७ लिटर पाण्याची गोष्ट पूर्ण गडप होते. ताकद तपासायला भरलेल्या क्यूबचं वजन करून घनता काढणं सोपं, पण अजून ढोबळ. १५० मिमीच्या क्यूबमध्ये ३.३७५ लिटर माल, आपल्या मिक्सचा क्यूब ८.३५ किलोच्या आसपास भरायला हवा. साचा तिन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर सैल असेल तर दोन टक्के तिथेच गेले. तरी साचा सोडल्यावर क्यूबचं वजन वहीत लिहायची सवय चांगली. एकाच गाडीच्या तीन क्यूबपैकी एक ८ किलोच्या आत भरला, तर ताकदीच्या चाचणीसाठी २८ दिवस थांबायची गरज नाही, तो नीट ठोकलेला नाही हे लगेच कळतं.

खडी बुडते कधी, तरंगते कधी

आतापर्यंत पूर्ण मालाची घनता पाहिली. पण मालाच्या आतही दगड आणि त्याभोवतीचं मॉर्टर (सिमेंट, वाळू आणि पाण्याचं मिश्रण) यांच्या घनतेत फरक असतो, आणि वाहत्या काँक्रीटमध्ये हा फरक जास्त त्रास देतो. आपल्या मिक्समधून खडी काढली तर उरलेलं मॉर्टर घनमीटरला २२२० किलो भरतं. बेसाल्ट २८५०. म्हणजे प्रत्येक दगड बुडू पाहतो, त्याला थांबवतो तो मॉर्टरचा धर. दगड जागीच राहण्यासाठी किमान किती धर लागेल? घनतेतला फरक गुणिले ९.८१ गुणिले दगडाचा मीटरमधला व्यास, भागिले १८. २० मिमीच्या बेसाल्टला ७ पास्कल पुरतात. तेवढ्याच आकाराच्या हेमेटाइटला २९ लागतात. १५०० किलोची हलकी खडी उलट वर जाऊ पाहते, तिला खाली धरायला ८ पास्कल हवेत.

शेकडो पास्कल धर असलेल्या साध्या मालात हा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवतो दोन ठिकाणी. एक, आपोआप पसरणाऱ्या मालात, जिथे सगळा धरच ३०-५० पास्कल असतो. तिथे हेमेटाइट अगदी काठावर उभं असतं. घनमीटरला थोडं पाणी जास्त झालं की दगड तळाला. दुसरं ठिकाण व्हायब्रेटरच्या निडलभोवती. कंपनं चालू असताना तिथला धर जवळपास मोडून पडतो आणि मग दगडाला अडवायला फक्त चिकटपणा उरतो. दगड किती वेगाने बुडेल हे घनतेतल्या फरकावर आणि व्यासाच्या वर्गावर ठरतं. २० ऐवजी १० मिमीची खडी घेतली तर वेग चौथाई होतो. म्हणून जड मालात निडल जवळजवळ घालायची, पण प्रत्येक ठिकाणी थोडाच वेळ ठेवायची. हलक्या मालातही निडल जवळजवळच घालावी लागते, कारण हलकी खडी कंपनं पुढे नीट पोहोचवत नाही. जास्त वेळ ठेवली की वर खडीचा आणि खाली मॉर्टरचा थर तयार होतो, मग फिनिशिंगवाल्याचा थापा खडीवर खडखडत राहतो.

पंप लावला की

पंपाने ढकलताना वजनाची भूमिका फिरते. खाली ओढणारं वजन आता वर चढवावं लागतं. आपल्या २४७५ किलोच्या मालाला १०० मीटर चढवायला नुसत्या वजनापोटी २४ बार दाब लागतो, १८०० किलोच्या मालाला पावणेअठरा. लोअर परळचा वर्ल्ड वन हा मनोरा २८० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर माल पोचवायचा तर पाइपातलं घर्षण बाजूला ठेवूनही ६८ बार फक्त उभ्या खांबाचे. पंप थांबला तरी हा दाब खालच्या व्हॉल्व्हवर बसून राहतो आणि मालातलं पाणी दगडांमधून पिळून काढायला बघतो. ढिला, पाणचट माल अशा वेळी पाइपात अडकतो. घट्ट पण चिकट, भरपूर बारीक कण असलेला माल टिकतो. दाब कमी लागेल म्हणून हलकं काँक्रीट निवडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. दाबाखाली पाणी हलक्या खडीच्या छिद्रांत शिरतं आणि खाली १५० मिमी असलेला स्लम्प वर पोचेपर्यंत निम्मा होऊ शकतो. खडी आदल्या दिवशी पूर्ण भिजवून घेतली तरच हा हिशेब जुळतो.

गाडीतही वजनाचा हिशेब आहे. सहा घनमीटरचा ड्रम साधारण साडेचौदा टन मालासाठी असतो. ३६०० किलोचा माल त्यात चार घनमीटरच भरायचा, ड्रममध्ये जागा रिकामी दिसली तरी.

साच्यात भरताना वजन आणि धर दोन्ही शटरिंगवर, म्हणजे साच्याच्या फळ्यांवर उतरतात. तीन मीटरच्या कॉलममध्ये पूर्ण वाहता माल एकदम भरला तर तळाशी चौरस मीटरला सव्वासात टनांहून जास्त दाब येतो. ३६०० किलोच्या मालाने तो पावणेअकरा टन होतो. घट्ट मालात धर मधे येतो आणि हा दाब बराच कमी पडतो, त्यामुळे नेहमीच्या मालाची सवय झालेला सुतार टाय-रॉड (साच्याच्या दोन बाजू बांधणाऱ्या सळया) दूर दूर लावतो. केमिकल बदलून स्लम्प ७५ वरून २०० केला, पण शटरिंग तसंच ठेवलं, की खालचा कोपरा फाटतो. स्लॅबवर उलटा धोका. घट्ट माल चुटीखाली ढीग होऊन राहतो, आणि अर्धा मीटर उंचीचा ढीग म्हणजे चौरस मीटरला सव्वा टन, १५० मिमी स्लॅबच्या तिपटीहून जास्त. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा टेकू, बसतं ते बहुधा अशा ढिगाखाली.

पाइलच्या खड्ड्यात

घनतेचा खेळ सगळ्यात स्पष्ट दिसतो तो पाइल भरताना. शिवडी, वडाळा, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वाशी खाडीच्या काठावर वरचे अनेक मीटर मऊ सागरी चिकणमाती असते. खड्डा ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचं द्रावण भरतात आणि ट्रेमी पाइप तळापर्यंत सोडून काँक्रीट खालून वर भरत आणतात. काँक्रीटने बेंटोनाइटला वर ढकलायचं, हे जमतं ते फक्त दोघांच्या घनतेतल्या फरकावर. हवेत काँक्रीटचा एक मीटर उंच थर २४ किलोपास्कल जोर लावतो. १०८० किलोच्या बेंटोनाइटमध्ये बुडालेला तोच थर पावणेचौदाच लावतो. जोर इतका उतरतो म्हणून इथे माल ढिला लागतो. आयएस २९११ या पाइलच्या मानकात ट्रेमीसाठी १५० ते १८० मिमी स्लम्प सांगितला आहे, तो या कारणाने.

२५ मीटर खोल खड्डा बेंटोनाइटने भरलेला आहे. घर्षण सोडलं तर ट्रेमीमधलं काँक्रीट तळापासून ११ मीटरवर तोलून उभं राहतं. त्याच्या वर जेवढं चढेल तेवढंच बाहेर पडायला जोर मिळतो. आता तळ नीट धुतला नाही, द्रावणात गाळ मिसळून त्याची घनता १२५० झाली, तर तोल साडेबारा मीटरवर जातो. तेवढाच माल, तेवढाच पाइप, पण वाहण्याचा जोर कमी. शिवाय गाळाने जाड झालेलं द्रावण स्वतःच धर पकडतं. ते काँक्रीटच्या पुढे सरकण्याऐवजी कडेला सळईच्या पिंजऱ्यात अडकून राहतं आणि काँक्रीट त्याला वळसा घालून वर जातं. पुढे पाइलच्या कडेला मातीचे खिसे सापडतात ते हे. काँक्रीट सुरू करण्याआधी तळाजवळच्या द्रावणाचा नमुना काढून घनता मोजायची, वरच्या टाकीतल्या नव्हे. वरचं द्रावण नेहमी स्वच्छच दिसतं.

माल येईना म्हणून पाइप घाईने वर ओढणं ही दुसरी मोठी चूक. टोक काँक्रीटच्या बाहेर आलं की आतला खांब एकदम रिकामा होतो, तोल बिघडतो आणि बेंटोनाइट आत शिरतं. पाइप किती मीटर मालात बुडालेला आहे, हे प्रत्येक गाडीनंतर दोरी-वजनाने खोली मोजून लिहायचं.

या मातीत अजून एक गोष्ट घडते. ताज्या काँक्रीटचा बाजूला पडणारा दाब मऊ मातीला झेपत नाही, आणि लायनर (खड्ड्याच्या कडेचं धातूचं कवच) नसेल तर खड्डा फुगतो. हिशेबापेक्षा जास्त माल गेला तर बहुधा तो तिथेच गेलेला असतो. हिशेबापेक्षा कमी गेला तर जास्त काळजी करायची, कारण खड्डा कुठेतरी आकुंचन पावलेला असू शकतो.

उलट्या टोकाला: फोम काँक्रीट

बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये पूर्वी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) भरायचे, आता बऱ्याच इमारतींत ८०० किलोच्या आसपासचं फोम काँक्रीट (सिमेंटच्या लगद्यात फेस मिसळलेलं) ओततात. ते वाहतं, पण वजनामुळे नव्हे. फेसाने धर ५० पास्कलच्या घरात आणलेला असतो म्हणून. नळीखाली माल किती उंच उभा आहे, यावर तो किती लांब जाईल ते ठरतं: घनता गुणिले ९.८१ गुणिले उंचीचा वर्ग, भागिले धराच्या दुप्पट. २०० मिमी उंचीला तो तीन मीटर पसरतो, बाथरूम एका जागेवरून भरतं. गच्चीवर १०० मिमीच्या थरात तोच माल ८० सेंटिमीटरवर थांबतो. २४०० किलोचा, तेवढ्याच धराचा माल असता तर २.४ मीटर गेला असता. तेव्हा गच्चीवर नळी सतत फिरवत राहावी लागते, नाहीतर जागोजागी उंचवटे राहतात आणि पाण्याचा उतार बिघडतो.

फेस पंपात आणि लांब नळीत फुटतो. फुटला की घनता वाढते, पण माल जास्त वाहत नाही, उलट घट्ट होतो आणि जागा कमी भरतो. म्हणून एक लिटरच्या मापाने वजन घ्यायचं ते मिक्सरपाशी एकदा आणि नळीच्या टोकाशी एकदा. हिशेब टोकाच्या वजनावर करायचा.